बिल्ला लावलेली पुरचुंडी

विषय : शिष्य म्हणून दाखल करून घेणेबाबत.

संदर्भ : श्री. भालचंद्र परुळेकर यांची तोंडी विनंती. मुक्काम ऊनवली, वरच्या कुंडाची पायरी.

"पण माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा!"

 गरम पाण्याच्या कुंडातून वाफ येत होती, खंडूबुवा तिच्याकडे पाहत राहिले.

"बुवा, मी विचारतोय."

"ऐकलं."

"मग?"



परुळेकरांना असल्या वागणुकीची सवय नव्हती. गिर्यारोहण मंडळाचे ते तहहयात अध्यक्ष. सह्याद्रीतला बहुतेक प्रत्येक कडा त्यांच्या बुटांना ओळखत होता. नोकरी संपल्यावर त्यांनी गुरू शोधायला घेतला आणि तेही काम पद्धतशीर केलं. नाशिकचे महाराज फार बोलतात, म्हणून नापास. नरसोबाच्या वाडीजवळचे स्वामी फार झोपतात, म्हणून नापास. गोकर्णाचा एक बैरागी जवळजवळ पास होता, पण तो यांच्याकडेच तंबाखू मागायला लागला.

खंडूबुवा हे पास झालेले पहिलेच. आणि पास झालेल्या माणसाने परीक्षकालाच ताटकळत ठेवावं, हे परुळेकरांना सहन होण्यासारखं नव्हतं. गुरूशिवाय परत गेलो तर मंडळात काय सांगायचं, हाही प्रश्न होता. निघताना मंडळाच्या शुभेच्छांचा नारळ घेऊन आले होते.

"आज धुरकडा चढून आलो," ते म्हणाले. "एकटा. वाटाड्या नाही, काठी नाही. कॉलेजातली पोरं अर्ध्यात बसली होती, धापा टाकत. मी थांबलोसुद्धा नाही."

"वरून काय दिसलं?"

"सगळा मुलूख! खाडी, घाट, पलीकडचे दोन किल्ले. सगळं पायाखाली!"

"आम्ही दिसलो?"



"तुम्ही... नाही. वाफ दिसली."

"हं," बुवा म्हणाले. "जेवलात?"

जेवले नव्हते. पोटात नुसता वणवा पेटला होता. ऊनवलीत जमिनीतून उकळतं पाणी येतं, आणि परुळेकरांच्या लॉजमधला गिझर मात्र बंद होता. तिथल्या जेवणाचीही तीच तऱ्हा. म्हणून तर सकाळी निघण्याआधी त्यांनी कुंडात तांदूळ सोडले होते.

ही तिथली जुनी रीत. खालच्या कुंडात अंघोळ, वरच्यात भात. मूठपसा तांदूळ फडक्यात बांधायचे, सुंभाने कुंडावरच्या आडव्या गजाला अडकवून पाण्यात सोडायचे. नवी पुरचुंडी गजाच्या डाव्या टोकाला. खायची ती उजव्या टोकाची, म्हणजे आधी कोणीतरी सोडून गेलेली, शिजून तयार असलेली. ती काढली की बाकीच्या उजवीकडे सरकवायच्या. आपण आधीच्याची खायची, आपली पुढच्याला ठेवायची. त्यामुळे ऊनवलीत भाताची वाट पाहत कोणी बसत नाही.

सकाळी यसूबाईने हे सगळं त्यांना समजावलं होतं. यसूबाई कुंडापाशी पानं, फडकी आणि सुंभ घेऊन बसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरे मारते.

"म्हणजे माझे तांदूळ दुसऱ्याने खायचे?" परुळेकरांनी विचारलं होतं.

"आन् तुमी दुसऱ्याचं. फिटलं की वो."

"हे आंबेमोहोर आहेत. घरचे."

"कुंडाला वास येत न्हाई, सायेब."

परुळेकरांनी बुवांकडे वळून शंका काढली होती. शंका बिनतोड होती, याची त्यांना खात्री होती.

"असं असेल तर अगदी पहिली पुरचुंडी कोणाची?"

"मी आलो तेव्हा होती," बुवा म्हणाले होते.

याला काही उत्तर म्हणत नाहीत, असं परुळेकरांचं मत पडलं. त्यांनी यसूबाईचा सुंभ परत केला. सॅकमधून लाल दोर काढला, त्याला मंडळाचा पितळी बिल्ला अडकवला. बिल्ल्यावर नाव आणि खाली 'अध्यक्ष'. अशी गाठ मारली की कड्यावरून माणूस लोंबकळला तरी सुटणार नाही. मग निश्चिंत मनाने डोंगर चढायला गेले.

आता उतरून आले होते, आणि लाल दोर सरकत सरकत गजाच्या उजव्या टोकाला येऊन थांबला होता. बिल्ला उन्हात चमकत होता.

"बघा!" परुळेकरांची छाती फुगली. "अख्ख्या गावात कोणी हात लावला नाही!"

"कोन लावंल?" यसूबाई म्हणाली. "यस्टीच्या डायवरने धरली हुती. म्या म्हनलं, ठेव बाबा, सायबांची हाय. त्यानं पुढची घेतली. मास्तरबी पुढचीच घेऊन गेले."

"मान राखतात लोक."

"राखत्यात की."

त्यांनी दोर ओढला. पुरचुंडी वर आली ती फुगलेली, गिळगिळीत. फडक्याच्या विणीतून पांढरा चिकट ओघळ पायरीवर पडला. गाठ सोडता सोडता बोटं भाजली. आत दाणा म्हणून उरला नव्हता.

यसूबाईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही मावलं नाही.

"आगं बया, खळ झाली की वो सायेब! धोतराला लावा, मस कडक ऱ्हाईल!"

परुळेकर खळीकडे पाहत उभे राहिले. आंबेमोहोराचा वास मात्र अजून येत होता.

बुवा उठले. गजाशी गेले, पुढची पुरचुंडी ओढली. जाडाभरडा तांबडा भात, मोकळा शिजलेला. पानावर काढला, त्याचे दोन भाग केले. एक भाग दुसऱ्या पानावर घेऊन परुळेकरांपुढे धरला.

"घ्या."

"कोणाचा आहे?"

"विचारलं नाही."

परुळेकरांचा हात पुढे झाला. पोट तर कधीच पुढे झालं होतं. भाताची वाफ तोंडावर येत होती...

हात मागे आला.

"नको. माझे तांदूळ आहेत अजून. होतील आता."

बुवांनी ते पान तिथेच, दोघांच्या मधे ठेवलं, आणि आपला भाग खायला लागले.

परुळेकरांनी नवं फडकं घेतलं. तांदूळ बांधले. लाल दोराला हात घातला, थांबले. यसूबाईकडून सुंभ मागून घेतला. यसूबाईने बुवांकडे पाहिलं. बुवा जेवत होते.

सुंभाची गाठ साधीच मारली, गावचे लोक मारतात तशी. पुरचुंडी डाव्या टोकाला बांधली. मग इकडेतिकडे पाहून, कोणी बघत नाही अशी खात्री करून, बिल्ला हळूच सुंभात अडकवला.

पुरचुंडी पाण्यात गेली. परुळेकर पायरीवर येऊन बसले. पाठ ताठ, नजर गजावर.

 मधल्या पानावरचा भात निवत गेला.

खालच्या कुंडावरून एक म्हातारा ओल्या अंगाने वर आला. त्याने आपली पुरचुंडी डावीकडे बांधली, उजवीकडची ओढली, पायरीवर बसून जेवला आणि हात धुऊन गेला.

शेवटी परुळेकरांना राहवलं नाही.

"बुवा, माझ्या विनंतीचं काय झालं?"

बुवांनी आपल्या पानावरचं शेवटचं शीत बोटाने टिपलं, तोंडात टाकलं.

"कुंडात आहे," ते म्हणाले. "अजून कोणी हात लावलेला नाही."