टर्बो, नळी आणि आक्काताईंची म्हैस

गाड्यांचे सुटे भाग माणसांशी बोलायचे, त्या काळची गोष्ट. बाळगोंडा मिस्त्रीने शर्यतीसाठी जुन्या मोटारीला वेग वाढवणारा टर्बो बसवला आणि टाकीत भरपूर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरलं.

"मिस्त्री, हे इंधन मला कुरतडतंय. आधी मला बदला," टाकीखालची जुनी रबरी नळी कळवळली.

"तुला बघतंय कोण?" टर्बो खेकसला. मिस्त्री हसला आणि टर्बोलाच पुसत राहिला.

शर्यतीत निम्म्या वाटेवर नळी फुटली, इंधन सांडलं आणि गाडी थांबली. शेजारच्या रानातल्या आक्काताईंना दया आली. "माझी म्हैस जुंपा," त्या म्हणाल्या, "पण तिला हे असलं काही पाजू नका."

म्हशीने गाडी ओढत नेली. शेवटच्या रेषेवर पंचांनी गंभीरपणे विचारलं, "इंजिनात काय बदल केलेत?"

मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "बाहेर काढून पुढे बांधलंय."