फादर इस्तेव यांची पळी

"आता तरी सांगा फादर, कमी काय आहे?"

फादर इस्तेव यांनी बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"मीठ," ते म्हणाले.

मित्र खो खो हसले. मनवेल हसला नाही. त्यानं आपल्या वाइनबद्दल विचारलं होतं, बोंबलांबद्दल नाही.

वसईच्या किनाऱ्यालगतच्या त्या गावात चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेला लागणारी वाइन उभा जन्म फादरांनीच केली. मनवेल त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पठ्ठ्या गुरूच्या चार पावलं पुढं गेला, असं गाव म्हणायचं. गावाच्या आधी मनवेल स्वतःच म्हणायचा.

म्हातारपणी फादरांनी पिंपं सोडली, बरण्या वाटून टाकल्या. एक वस्तू मात्र सुटली नव्हती. वाइन चाखायला काढायची, शिसवी दांड्याची जुनी पळी. ती कायम त्यांच्या झग्याच्या खिशात असायची. "ज्याचा हात तयार होईल, त्याला देईन," असं ते म्हणत आणि विषय बदलत.

मनवेलला ती पळी हवी होती. आज, इथं, मित्रांच्या देखत हवी होती. म्हणून तर हे जेवण होतं.

त्यानं आधी पांढऱ्या जाम फळांची वाइन काढली, मग फणसाची. फणसाची वाइन कुणी ऐकलीही नव्हती. प्रत्येकाचा पेला भरताना तो एकच वाक्य म्हणे, आणि म्हणताना त्याचा आवाज खाली येई.

"सांभाळून... जुनी आहे."

पास्कूनं घोट घेऊन डोळेच मिटले. सांतान म्हणाला, "मनवेल, हे पिऊन मेलो तरी चालेल." मनवेलच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मेजाच्या टोकाला इनास बसला होता. त्याचा पेला पालथा होता.

इनास शेजारी. लहानपणापासूनचा मित्र, त्याला टाळता येत नव्हतं. पण अशा मैफलीत पालथा पेला म्हणजे दुधात मिठाचा खडा. मनवेल दर वेळी त्याच्याजवळ येई, बाटली तिरकी करी, मग आठवल्यासारखं करून पुढं जाई.

शेवटी त्यानं ती बाटली आणली. वाळूत पुरून ठेवलेली, तोंडाला मेण लावलेली, जांभळाची.

"माझ्या रोझीच्या बाप्तिस्म्याच्या संध्याकाळी बूच मारलंय हिला," तो म्हणाला. "रोझी आता कॉलेजात जाते. किती सण आले, किती पाहुणे आले. एकदा तर बिशपसाहेब जेवायला आले! नाही उघडली."

त्यानं मेण खरवडलं. बूच निघालं. खोलीभर वास पसरला.

पेले भरले गेले. "सांभाळून... जुनी आहे. सांभाळून..."

फादरांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला.

मनवेल बाटली धरून त्यांच्यासमोरच उभा राहिला.

"चांगली आहे," फादर म्हणाले. "माझ्या हातून अशी कधी झाली नाही."

हेच ऐकायला मनवेल इतकी वर्षं थांबला होता. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण चढलेला माणूस पायरी बघत नाही.

"वाइन काय फादर, कुणीही करील," तो सगळ्यांकडे बघत म्हणाला. "पण रोज हाताशी बाटली असावी, रोज इच्छा व्हावी, आणि रोज उघडायची नाही... याला छाती लागते. अशी छाती या गावात दुसऱ्या कुणाची आहे, दाखवा मला."

फादरांनी पेला खाली ठेवला.

"इनास, तुझा पेला पालथा का रे?"

इनास अवघडला. "मी घेत नाही, फादर. ठाऊक आहे सगळ्यांना."

"कधीपासून?"

इनासनं बाटलीकडे पाहिलं. मग मनवेलकडे.

"रोझीच्या बाप्तिस्म्यापासून."

...

सगळ्यांना तो दिवस आठवला. त्या जेवणात इनास इतका प्याला होता की वाढपाच्या मेजावर कोसळला आणि इंद्यालच्या रश्शाचं पातेलं अंगणात सांडलं. मनवेलनं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं होतं. पाहुणे गेल्यावर, त्याच संध्याकाळी, रागानं धुमसतच त्यानं या बाटलीला बूच मारलं होतं.

"आणि दरवर्षी या मनवेलच्या जांभळांचा रस कोण काढतं?" फादरांनी विचारलं.

"मीच काढतो. शेजारी नाही का मी?"

"वास येत असेल."

"येतो ना..." इनास हसला. "लई गोड येतो, फादर. जीव जातो अगदी."

मनवेलनं इनासच्या हातांकडे पाहिलं. दर पावसाळ्याच्या तोंडाला ते हात कोपरापर्यंत जांभळे झालेले त्यानं पाहिले होते. पाहून सोडून दिले होते.

त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ इनासचा असा अभिमान वाटला, की हातातली बाटली कधी खाली ठेवली ते त्याला कळलंही नाही.

फादरांनी ती खाली ठेवलेली बाटली पाहिली आणि झग्याच्या खिशातून पळी काढली. बाहीला पुसली. मनवेलचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर ठेवली.

पास्कूनं टाळी वाजवली. सांतान म्हणाला, "वाढ, मनवेल! पहिली पळी!"

मनवेलचा हात सवयीनं जांभळाच्या बाटलीकडे गेला.

फादरांनी बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला. दुसऱ्या हातानं पाण्याचं मडकं पुढं सरकवलं.

मनवेल उभा राहिला. पळी मडक्यात बुडवून त्यानं काठोकाठ भरली आणि मेजाच्या टोकाला गेला.

इनासनं पालथा पेला सुलटा केला.

"सांभाळून ओत, मनवेल," फादर म्हणाले. "जुनं आहे."