बंबाची सनद

फार जुन्या काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्याला ती पुरती आठवते आहे की नाही याची त्याची त्यालाच शंका येते. राज्य डोंगराच्या पायथ्याशी होतं की नदीच्या काठी, राजा थोरला होता की त्याच्यामागून आलेला त्याचा मुलगा, यात घोटाळा झाला असेल तर लहानांनी तो पोटात घालावा आणि मोठ्यांनी दुरुस्त करून घ्यावा. पण त्या राज्यात एक रीत होती, आणि ती अगदी पुढे सांगितली आहे तशीच होती.

कोणी नवं यंत्र काढलं, तर राजा त्याला सनद देई. चौदा वर्षं ते यंत्र त्याच्यावाचून दुसऱ्या कोणी बनवायचं नाही. त्याच्या बदल्यात त्याने आपली सगळी कृती उघड करायची. ती ताम्रपटावर कोरून चावडीच्या भिंतीवर लावली जाई. चौदा वर्षं सरली, की मग कोणीही ती वाचावी आणि यंत्र बनवावं.

आता, सगळं सांगितलं की काही हातचं राखलं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी यंत्र काढणाऱ्याचे दोन्ही हात त्याच्याच उपरण्यात बांधत. त्याने नुसतं तोंडाने सांगायचं. बनवायचं त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कारागिराने. आणि हा दुसरा मुद्दाम असा शोधायचा, की ज्याचं पहिल्याशी पटत नाही. स्नेही असला तर न सांगितलेलंही समजून घेईल, अशी भीती. वैऱ्याच्या हातून यंत्र चाललं तर सनद मिळे. फसलं तर आठ दिवसांनी आणखी एक संधी. दुसऱ्यांदाही फसलं, तर सनद कायमची गेली.

या कामावर एक शास्त्रीबुवा परीक्षक होते. न्याय, व्याकरण, गणित, सगळं शिकलेले. पण स्वभाव असा, की घराला कुलूप लावून निघाले तरी वाटेवरून परत येऊन ते ओढून पाहायचे. एखादी खोटी गोष्ट आपण खरी मानली तर काय, ही त्यांची एक काळजी. आणि एखादी खरी गोष्ट आपण नाकारली तर काय, ही दुसरी, पहिलीहून मोठी. हातोडा त्यांनी जन्मात धरला नव्हता. म्हणूनच असेल, कारागिरांच्या हातांकडे ते देवळात मूर्तीकडे पाहावं तसे पाहत.

त्या वर्षी एका तांबटाने आगीवर पाणी फेकणारा बंब काढला. राजधानीतला धान्याचा बाजार लागोपाठ दोन उन्हाळे जळाला होता. पखालीतून पाणी येईपर्यंत राखच उरायची. तांबटाचा बंब म्हणजे पितळेची एक उभी नळी, तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या आणि त्याला चामड्याची चकती. दोघांनी दांडा दाबला की पाण्याची धार सुटे, ती नगारखान्याच्या छपरावरून पलीकडे जाई. शास्त्रीबुवांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते भिजले आणि भिजतच उभे राहिले.

“बाबा रे,” ते म्हणाले, “पाणी वर चढायला तुझं ऐकतं तरी कसं?”

“सात वर्षं ऐकत नव्हतं, शास्त्रीबुवा,” तांबट म्हणाला.

परीक्षेचा दिवस आला. नगारखान्यासमोरच्या पटांगणात दरबार भरला. बनवायला बोलावला तो तांबटाचा थोरला चुलतभाऊ. आजोबांच्या ऐरणीवरून दोघांचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. धाकट्याचे हात उपरण्यात बांधले गेले. थोरला बाह्या सारून समोर बसला.

“दादा, नळी आतून घासून गुळगुळीत करायची,” धाकटा म्हणाला.

“किती वर्षांनी दादा म्हणालास रे,” थोरला म्हणाला. “त्यासाठी एक बंब काढावा लागला तुला.”

लोक हसले. काम सुरू झालं. नळी झाली, झडप झाली, दांडा झाला. थोरल्याचा हात असा बिनचूक, की धाकटाही मान डोलवू लागला, आणि मग आपण मान डोलवतो आहोत हे ध्यानात येऊन थांबला.

“चकती केवढी?”

“नळीच्या तोंडापेक्षा जवभर मोठी. जाड म्हशीच्या चामड्याची. दट्ट्याच्या टोकाला मधोमध खिळ्याने ठोकायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दांडा दाबला. धार नगारखान्यावरून जायची ती थोरल्याच्या पायांवर पडली.

“पायच धुवायचे होते,” थोरला म्हणाला, “तर तांब्या पुरला असता.”

सगळे हसले. धाकट्याचा चेहरा उतरला. “याने मुद्दाम बिघडवलंय,” तो म्हणाला.

थोरल्याचं हसू मावळलं. “कुठे ते दाखव. तू सांगितलंस ते केलं. तुझ्याशी माझं वैर असेल, पितळेशी नाही.”

शास्त्रीबुवांनी बंब उघडून पाहिला, नळी मोजली, चकती मोजली. सगळं सांगितल्यासारखंच होतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. धाकटा खोटं बोलतो आहे का? थोरल्याने काही कसब करून दगा दिला का? की आपणच टिपून घेताना काही गाळलं? तिसरी शंका त्यांना सगळ्यांत खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धाकट्याच्या भट्टीवर गेले. “तू आणखी एक बंब कर,” ते म्हणाले, “नेहमी करतोस तसाच. मी नुसता बसतो. इथे पाहिलेलं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर बोलणार नाही, तशी मला शपथच आहे.”

पण नुसतं बसणं शास्त्रीबुवांना जमणारं नव्हतं. गप्प बसलं की त्यांची काळजी वाढायची, म्हणून ते प्रश्न विचारत राहिले. नळीला पितळच का? झडप उलटी बसली तर काय होईल? तांबट काम करता करता उत्तरं देत होता, चांगली सविस्तर. मग शास्त्रीबुवांनी विचारलं, “दट्ट्याची काठी शिसवीची का?” आणि उत्तर आलं, “हं.”

“बाभळीची चालणार नाही?”

“हं.”

“चालेल की चालणार नाही?”

“हं.”

शास्त्रीबुवांना वाईट वाटलं. आपण फार बडबडतो, बिचारा कंटाळला, असं मनात येऊन ते उठायला लागले. उठता उठता त्यांनी माफी मागण्यासाठी तांबटाच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुझ्या तोंडात काय आहे?”

तांबटाने ते काढून हातात घेतलं. चामड्याची चकती होती. एका हातात काठी, दुसऱ्यात हातोडा, मग चकती ठेवायची कुठे? ती तो दातांत धरायचा. आणि हात कामात असताना, विचार करता करता, ती दातांनी हळूहळू फिरवत कडेकडेने चावायचा. मधला भाग कडक राहिला होता. कड मात्र मऊ होऊन फुलासारखी उमलली होती.

शास्त्रीबुवांनी ती कड बोटाने चाचपून पाहिली.

“हे तू सांगितलं नाहीस,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“मला ठाऊकच नव्हतं,” तांबट म्हणाला. “देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं.”

शास्त्रीबुवांचा तेवढ्याने विश्वास बसणार नव्हता, आणि खरं तर तांबटाचाही. त्यांनी कोरी चकती लावून पाहिली. पाणी बाजूने निसटलं. चावलेली लावली; धार आढ्याला लागली. तांबट म्हणाला, चावायचं कशाला, तेलात भिजवलं तरी तेच होईल. तेलात भिजवली, तर मधला भागही मऊ पडून चकतीचा लोळागोळा झाला. पुन्हा चावलेली लावली. पुन्हा आढं भिजलं.

मग तांबट खाली बसला. त्याच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या होत्या. एक म्हणजे लाज. भर दरबारात सांगायचं, की मी चामडं चघळतो? ते ताम्रपटावर कोरून चावडीला लावायचं?

दुसरी गोष्ट लाजेहून जड होती. “शास्त्रीबुवा,” तो म्हणाला, “सनद चौदा वर्षांची. हे मी सांगितलंच नाही तर? दादाचा बंब पुन्हा फसेल, सनद जाईल. जाऊ दे. बंब कोणीही करू म्हणेल, पण चालेल फक्त माझाच. माझा, माझ्या मुलाचा, त्याच्या मुलाचा. तुम्ही तर शपथेने बांधलेले.”

“बांधलेलाच आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. ते खरंच होतं. कायद्यात त्याला उत्तर नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात सगळा कायदा पुन्हा चाळला, तरी नव्हतं. तांबटाने सात वर्षं घालवली होती. त्याला उपदेश करायचा आपल्याला काय अधिकार, असंही त्यांना वाटलं. म्हणून ते फक्त मनात आलेली शंका बोलले.

“मला एक भीती वाटते. चुकत असेन तर सांग.” त्यांनी आपलं तोंड उघडून दाखवलं. आत पुढचे दोनच दात होते. “माझे दात पन्नाशीत पडले. तुझेही पडतील. हे कळलं नसतं, तर मग तुझे बंब चालेनासे झाले असते. तू पितळ बदललं असतंस, काठी बदलली असतीस, मुलावर चिडला असतास. तुझं गुपित तुझ्यापासूनच लपलेलं राहिलं असतं.”

तांबटाने चकती उलटीसुलटी करून पाहिली.

“आज ते सापडलं, तेही मी बडबड्या आहे म्हणून,” शास्त्रीबुवा म्हणाले. “असं आणखी काय काय तुझ्या अंगात असेल, तुला तरी काय ठाऊक? दुसऱ्याला करायला सांगितल्याशिवाय ते कळायचं कसं?”

एवढं बोलून ते घरी गेले. आपण जास्त बोललो की कमी, याचा विचार त्यांना दुसऱ्या परीक्षेच्या दिवसापर्यंत पुरला.

त्या दिवशी तांबटाचे हात पुन्हा बांधले गेले. नळी झाली, झडप झाली, दांडा झाला. थोरल्याने चकती उचलली. “जवभर मोठी, म्हशीची, मधोमध,” तो म्हणाला. “आणखी काही, की पाय पुढे करू?”

धाकट्याने एकदा शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा जमिनीकडे पाहत होते.

“दादा, ती आधी दातांत धर,” धाकटा म्हणाला. “आणि सगळ्या बाजूंनी कड चाव. मधला भाग चावू नकोस. कड ओठांना मऊ लागली की थांब.”

दरबारात हशा पिकला. “बंबाआधी तोंड धुवायला पाणी द्या त्याला,” कोणी म्हणालं. “सनद देताय की वैरण?” दुसरा म्हणाला. धाकट्याचे कान लाल झाले, पण हात बांधलेले, तोंड लपवायची सोय नव्हती.

थोरला एकटा हसला नव्हता. तो चकतीकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही तरी उलगडत होतं. त्याने चकती तोंडात घातली आणि भर दरबारात, राजासमोर, शांतपणे कड चावू लागला. हळूहळू हसणं थांबलं. त्याने चकती ठोकली. दांडा दाबला.

धार नगारखान्यावरून गेली आणि पलीकडे बैल बांधले होते त्यांच्यावर पडली.

थोरल्याने स्वतःच्या हाताने भावाचं उपरणं सोडलं. “तू सांगितलं नसतंस, तर मला ते जन्मभर सापडलं नसतं,” तो म्हणाला. “मीसुद्धा खिळे तोंडात धरतो रे. माझ्या तोंडात काय काय दडलं असेल, उद्या भट्टीवर ये, बसून बघू.”

राजाने सनद दिली. ताम्रपटावर बाकीच्या कृतीबरोबर चावण्याचीही ओळ कोरली गेली. चावडीवरून जाणारे ती वाचून हसत. पण हसता हसता लोकांना ती पाठ झाली. पुढे कोणी तरी दातांऐवजी कड दाबायचा लाकडी चिमटा काढला, आणि त्यालाही वेगळी सनद मिळाली.

बऱ्याच वर्षांनी शास्त्रीबुवांच्या कानावर आलं, की घाटाखालच्या एका लांबच्या गावात आग लागली होती आणि बंबाने सगळी आळी वाचवली. ऐकीव गोष्टीवर ते विश्वास ठेवणार नव्हते. म्हातारपणी डोलीत बसून ते तिथे गेले. बंब पाहिला, तो बनवणाऱ्या लोहाराला भेटले. कुठे शिकलास, विचारलं. ताम्रपटाची नक्कल वाचून, तो म्हणाला. धाकटा तांबट जाऊन तेव्हा पुष्कळ दिवस झाले होते. तो कधी इथे आला होता का, हे शास्त्रीबुवांनी आळीतल्या दारोदारी विचारलं, आणि एकदा विचारून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. त्या गावात त्याला कोणीही कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नावही कोणाला माहीत नव्हतं. एवढं मात्र त्यांनी पक्कं करून घेतलं.

तात्पर्य: जे राखून ठेवलं ते आपल्याबरोबर जातं, जे पुरतं सांगितलं ते आपण नसलो तरी कोणाचं तरी घर वाचवतं.