उणे तेरा

“तारा उणे असतो का हो कधी, भंते?”

चपला काढायच्या आधीच हर्षदाने प्रश्न टाकला.

भंते सुमेध विहाराची ओसरी झाडत होते. भिक्षूचं चीवर घेण्याआधी ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. हर्षदा त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. ही गोष्ट इतरांपेक्षा तिला स्वतःला जरा जास्तच माहीत होती.

“किती उणे?”

“तेरा. त्याचा प्रकाश अकरा वेळा मोजला. अकराही वेळा तेच. वेधशाळेत सगळे हसतायत. म्हणे, हर्षदाबाईंनी शून्यापेक्षा अंधारा तारा शोधला.”

भंते पण हसले. तिला ते आवडलं नाही.

तिने पिशवीतून कागद काढला. ‘निरीक्षणात माझी चूक झाली,’ एवढंच त्यावर होतं. खाली सहीची जागा.

“पाचच्या आत सही केली तर पुढच्या दहा रात्री दुर्बीण माझी. नाही केली तर आजची रात्र शेवटची. मग घरी. आणि आधीच सांगते, मी सही करणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही.”

“मग आलीस कशाला?”

ती खाली बसायला लागली.

“तिथे नको. आधी सांग, तिथे काय आहे?”

“काय असणार? फरशी आहे. रिकामी.”

“हात ठेव.”

तिने ठेवला. सगळी ओसरी सावलीत गार पडलेली, आणि तेवढी एक फरशी उबदार.

“कुत्री झोपली होती,” भंते म्हणाले. “पोटुशी आहे. तुझा आवाज ऐकून उठली.”

हर्षदाला राग आला. ऊब डोळ्यांना दिसत नाही, हे तिला शिकवायचं? तांबड्याच्या पलीकडचा तो न दिसणारा प्रकाश, अवरक्त, त्यावर तर तिची चार वर्षं गेली होती.

“मला हे माहीत आहे, सर.” रागात ती अजून सरच म्हणायची.

“बरं. मोजतेस कसं?”

“नेहमीसारखंच. आमच्या कॅमेऱ्याला सगळंच तापलेलं दिसतं. दुर्बीणही, हवाही. म्हणून आधी ताऱ्याकडे बघायचं, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरेल तो तारा.”

“रिकामं कुठलं, ते कोण ठरवतं?”

“ठरलेलंच आहे. त्या भागात सगळे तोच तुकडा वापरतात. तीस वर्षं.”

“त्यांचं उणे नाही आलं?”

“त्यांचे तारे ठळक होते. थोडं जास्त वजा झालं तरी भरपूर उरतं. माझा मंद आहे, म्हणून...”

भंते पुन्हा झाडू लागले. त्या एका फरशीवरचा हात तिने अजून उचलला नव्हता.

“तो तुकडा रिकामा आहे, हे कुणी पाहिलं?” तिने विचारलं. स्वतःलाच.

तिने फोन लावला. पलीकडे वेधशाळेचे प्रमुख, रणदिवे.

“सर, सही करत नाही. आज रात्री तारा बघणार नाही. शेजारचा तुकडा बघणार.”

“काय बघणार?”

“आपण जे वजा करतो ते.”

“अगं, तिथे काही नाही! तीस वर्षं आम्ही काय झोपा काढल्या? तिथे काही निघालं तर माझे स्वतःचे सगळे आकडे चुकीचे ठरतील, कळतंय का?”

“कळतंय, सर.”

“शेवटची रात्र आहे तुझी.”

“म्हणूनच.”

फोन बंद झाला. कोणी बंद केला ते सांगायची गरज नाही. हर्षदाने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि केराच्या ढिगावर ठेवून दिली. भंतेंनी तोही पुढे लोटला.

पायरीशी जाऊन ती चपला घालू लागली. एक घातली, आणि मघाची ताठ मान जराशी खाली आली.

“भंते... आणि तिथे खरंच काही नसलं तर?”

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला.

“तर तीस वर्षांत ते पहिल्यांदा कुणीतरी पाहिलेलं असेल.”