नळी कापण्याचा हुकूम

फार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या एका बाभळीवर केतकी नावाच्या सुगरणीची झोप उडाली होती. दोन दिवसांनी साऱ्या घरट्यांच्या नळ्या एकदम कापायच्या होत्या आणि तिचं पिल्लू अजून उडायला शिकलं नव्हतं.

"नळीतून आत शिरायला केवढा वेळ जातो!" झाडाचे पाटील म्हणाले होते.

"पाटील, आधी एका रिकाम्या घरट्याची कापून बघू. मग दोन-चार, मग सगळ्यांची," केतकी चाचरत म्हणाली. आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिला नेहमीप्रमाणे वाटत होतंच.

"घरटं दहादा ओढून बघता, आता सुधारणाही ओढून बघणार?" पाटील म्हणाले, तसे झाडावरचे सगळे हसले.

तिने नळी न विणताच सोडलेल्या एका घरट्यात बोर ठेवलं. दुपारपर्यंत कावळ्याने ते उचललं.

"एका बोरावरून एवढा गहजब!" म्हणत पाटलांनी ठरल्या दिवशी कापणी उरकली. केतकीने तेवढी आपली नळी राखली.

कावळ्यांनी सुधारणेचं मनापासून स्वागत केलं. अंडी संपल्यावर ते पाटलांकडे वळले. पाटील धापा टाकत केतकीच्या नळीत घुसले आणि मध्येच अडकले.

आतून पिल्लू म्हणालं, "काका, केवढा वेळ जातो ना?"