वेळंबीच्या देवळातले पाय

वेळंबीच्या भैरवनाथाच्या सभामंडपात, एका कोपऱ्यात, एक चित्र भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेले आहे. उंचीला जेमतेम हातभर. त्यात लाल गालिचा आहे आणि गालिच्यावर लहान मुलाचे दोन अनवाणी पाय. गुडघ्यांच्या वर काही नाही. कापड तिथेच कापलेले आहे. हे चित्र असे खाली का, असे पाहुणे विचारतात. मग गुरव सदूमामा पायरीवर बसून सांगतात.

वेळंबी तेव्हा लहानसे संस्थान होते. थोरले राजे वारले होते आणि गादीवर पाच वर्षांचे बाळराजे होते. त्यांच्या आई, सगुणाबाई राणीसाहेब, यांनी रामलिंग जीनगर या चिताऱ्याकडून त्यांचे तैलचित्र काढून घेतले. पोर एका जागी ठरेना. जरीच्या मोजड्या ते सारखे भिरकावून देई, म्हणून रामलिंगने पाय अनवाणीच रंगवले. चित्र पुरे झाले आणि बाळराजे तापाने गेले.

राणीसाहेब रडल्या नाहीत, असे सांगतात. वाढलेले जेवल्या, दत्तकविधीला बसल्या, नव्या मुलाच्या तोंडात साखर घातली. आपलेच हात त्यांना दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसत होते.

गोरा साहेब दरबाराला येणार होता. गादीमागे राजाचे चित्र हवे, आणि नवे काढायला सवड नव्हती. जुन्याच चित्रावर नवा चेहरा चढवा, असा दिवाणांचा हुकूम झाला.

रामलिंग रंग घोटत होता. राणीसाहेब मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पायसुद्धा पुसणार?"

"मोजड्या रंगवायला सांगितल्यात, आईसाहेब."

"तेवढं राहू दे."

"दिवाणसाहेब विचारतील."

"रंग संपला म्हणावं."

पाय राहिले.

दत्तक राजे, आबासाहेब, मोठे झाले आणि शहरातल्या नव्या बंगल्यात राहायला निघाले. सामानात ते चित्रही होते. राणीसाहेबांनी ते उतरवायला लावले.

"आबा, गुडघ्यांपासून वरचं तुझं. खालचं माझं."

"बिनपायाचा दिसेन मी, आईसाहेब."

"गादीवर बसणाऱ्याचे पाय कोण बघतं?"

आबासाहेब हसले. मग त्यांनी आईसाहेबांच्या तोंडाकडे पाहिले आणि सुताराला बोलावणे धाडले. वरचा तुकडा शहरात गेला, तिथून म्हणे एका व्यापाऱ्याकडे, पुढे परमुलखात. आज तो कुणाकडे आहे ते वेळंबीत कुणाला ठाऊक नाही.

खालचा तुकडा राणीसाहेबांनी आपल्या खोलीत ठेवला. भिंतीवर टांगू दिला नाही. एकदा राही नावाच्या दासीचे नुकते चालू लागलेले पोर तिथे गेले आणि त्याने चित्रातल्या पायाला आपला पाय लावला. राही घाबरून धावली.

"असू दे," राणीसाहेब म्हणाल्या. "लहान भरतोय अजून. पुढल्या दसऱ्याला परत आण."

राही दर दसऱ्याला आणत राहिली. एका वर्षी पोराचा पाय मोठा भरला. राणीसाहेब दोन्ही पायांकडे बराच वेळ पाहत होत्या.

"आता नको आणूस याला," त्या म्हणाल्या आणि वाती वळायला बसल्या.

त्यांच्यामागे राहीनेच चित्र देवळात आणून ठेवले, असे सांगतात.

आजही दसऱ्याला वेळंबीच्या बाया मुलांना इथे घेऊन येतात. फूल वाहत नाहीत, हात जोडत नाहीत. मूल बाळराजांच्या पुढे गेले का, ते पाय लावून बघतात. मोठा भरला, तर आई मुलाला घेऊन बाहेर येते आणि उन्हात त्याच्या पायांत चपला घालते.