धूळपाटीवरची सरस्वती

भाविकहो, बेलनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी नवरात्रात शेवरगावी होता. गावच्या खंडोबाच्या ओसरीवर सखोपंत पंतोजींची शाळा भरे, आणि महाराज तिथेच खांबाला टेकून बसत. लाकडी पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवत. एखाद्याला पाढा आला की मुलापेक्षा पंतोजींनाच जास्त आनंद! ते टाळ्या पिटत, "वा रे माझ्या पठ्ठ्या!" म्हणत. अशा शाळेला कोण दांडी मारील? पोरे न्याहारी अर्धी टाकून पळत येत.

गावात विश्वंभरशास्त्रीही शिकवत. विद्वान माणूस, पण शिकवणे म्हणजे मानेवरचे जोखड! हातात छडी आणि तोंडी एकच मंत्र, "या गाढवांपुढे माझी विद्या वाया चालली." सखोपंतांना ते म्हणत, "पंतोजी, तुम्ही शाळा चालवता की तमाशा?"

पंतोजी हसून म्हणत, "शास्त्रीबुवा, खंडोबानं दिलेली चाकरी आहे. रडत कशाला करू?"

अखेर गावाने ठरवले, शाळा एकच असावी. पाटलांचा नातू मल्हारी शास्त्र्यांच्या छडीला भिऊन साधा एकचा आकडाही काढीनासा झाला होता. शास्त्र्यांनी त्याला 'दगड' म्हणून घरी पाठवला होता. गेला महिनाभर तो सखोपंतांच्या शाळेत बसत होता. पाटील म्हणाले, "दसऱ्याला पाटीपूजन हाय. माझ्या मल्हारीनं पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, तर शाळा पंतोजींची. नाय तर शास्त्रीबुवांची."

शाळा गेली तर पंतोजींच्या जगण्यात उरणार काय?

दसऱ्याला ओसरी माणसांनी फुलली. मल्हारी धूळपाटीपुढे बसला. एवढ्यात शास्त्र्यांनी छडी जमिनीवर आपटली आणि पोराचे बोट जागीच थिजले.

"बघा! दगड तो दगडच," शास्त्री म्हणाले.

पंतोजींचा चेहरा उतरला. त्यांनी खंडोबाकडे पाहिले, मग महाराजांकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले.

महाराज उठले आणि मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले! म्हणाले, "पंतोजी, पोराचं मागाहून बघू. आधी मला सरस्वती शिकवा. पण तोंड पाडून शिकवाल तर मी शिकायचो नाही हं!"

महाराजांनी धुळीत बोट फिरवले आणि सरस्वती काढली, ती चक्क उलटी! ते पाहून पंतोजींना हसू आवरेना. "अहो महाराज, देवी डोक्यावर उभी केलीत की!" ओसरी हसली, आणि सर्वांत मोठ्याने हसला मल्हारी.

"थांबा, पडंल ती! अशी नाय, अशी!" म्हणत त्याने आपली पाटी ओढली. एक, त्याला जोडून दुसरा एक, मग तिसरा, आणि बघता बघता सरस्वती उभी राहिली! पंतोजींनी टाळ्या पिटत त्याला उचलून घेतले. पाटलांनी डोळ्यांना उपरणे लावले.

शास्त्री मात्र संतापले. "हा सगळा पोरखेळ आहे!" म्हणत त्यांनी मल्हारीच्या पाटीवरची धूळ हाताने सपाट केली.

आणि काय नवल! धूळ हलली, सरली, अन् सरस्वती तिथेच पुन्हा उमटली. शास्त्र्यांनी दुसऱ्यांदा पुसली. ती पहिल्यापेक्षा ठसठशीत झाली. त्यांनी हात मागे घेतला.

महाराज हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या विद्येत काही कमी नाही. पण ओझं समजून दिलेलं पोरांच्याही पाठीवर ओझंच होऊन बसतं. हौसेनं दिलेलं कोण पुसणार?"

हातातली छडी टाकून शास्त्र्यांनी महाराजांचे पाय धरले. "महाराज, शिकवण्याची हौस कधी सुटली, कळलंच नाही. मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा."

"मी? माझी तर सरस्वती उलटी येते," महाराज हसले. "पंतोजींना विचारा."

शास्त्री सखोपंतांपुढे वाकले. पंतोजींनी त्यांना वरच्या वर धरले आणि म्हणाले, "बुवा, उद्यापासून दोघं मिळून शिकवू. शाळेला तुमची विद्या हवीच आहे."

तेवढ्यात मल्हारीने जमिनीवर पडलेली छडी उचलली. शास्त्री दचकले. पण पोराने त्यांच्यापुढे एक कोरी धूळपाटी सरकवली, छडीच्या टोकाने तिच्यावर एक काढला आणि म्हणाला, "बसा शास्त्रीबुवा, भ्यायचं नाय. आधी एक काढा."

आणि विश्वंभरशास्त्री मान लववून त्या मुलापुढे बसले.